डाव्या कानामागून टोलेडो

मित्रांनो, एखाद्या आजोबांच्या कानामागे काजूच्या आकाराचं काहीतरी अडकवलेलं तुम्ही पाहिलं असेल. पाहून तुम्ही चटकन नजर वळवली असेल, कारण तसंच करायचं असतं असं तुम्हाला घरी शिकवलेलं असतं. चष्म्याकडे कुणी असं पाहत नाही. चष्मा लोक ऐटीत मिरवतात, त्याची फ्रेम निवडायला दुकानात तासभर घालवतात. माझ्या नशिबी मात्र केसांखाली लपणं आलं. मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. घरात मला 'कानाचं मशीन' म्हणतात, आणि माझा मालक मनोहर चारचौघांत मला 'ब्लूटूथ' म्हणतो.

मोठ्या माणसांचं नाव आदराने घ्यावं हे मला ठाऊक आहे. तरीही मी मनोहरचा उल्लेख एकेरीतच करणार आहे. का, ते तुम्हाला पुढे कळेलच.

माझा जन्म सिंगापूरमध्ये झाला. पांढरे कोट आणि हातमोजे घातलेल्या बायका सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून बसत आणि केसाहूनही बारीक तारा माझ्या पोटात जोडत. आवाज वेचणारा एक कान, तो मोठा करणारा एक मेंदू आणि तो पुढे पोचवणारं एक तोंड, एवढं सगळं त्यांनी माझ्या टीचभर देहात बसवलं. माझ्या पाठीवर त्यांनी एक इवलंसं बटण लावलं. ते थोडा वेळ दाबून धरलं की माझं तोंड बंद होतं. विमानाच्या घरघरीत किंवा रस्त्याच्या खोदकामाशेजारी माणसाला जरा आराम मिळावा, एवढाच त्या बायकांचा चांगला हेतू होता. पण एक लक्षात ठेवा, तोंड बंद झालं तरी माझा कान बंद होत नाही. मी सगळं ऐकत राहतो. फक्त पुढे सांगू शकत नाही.

मनोहरचा उजवा कान लहानपणीच गालगुंडाच्या आजारात गेला होता. डावा कान पन्नाशीनंतर मंदावू लागला. शेवटी त्याची बायको दमयंतीबाई त्याला हाताला धरून एका क्लिनिकमध्ये घेऊन आल्या. तिथल्या मिस तान यांनी त्याच्या कानाचा साचा घेतला, मला त्याच्या कानामागे बसवलं आणि म्हणाल्या, "अंकल, रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये ठेवायचं, ओके? सिंगापूर व्हेरी ह्यूमिड. नो फर्गेटिंग, हां!"

मनोहरने मान डोलावली. त्याची मान फार सहज डोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंगापूरमधल्या मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीत तो उभा राहिला आणि ओरडला, "अगं, कोकीळ! ऐकतेस का, इथे कोकीळ आहे!"

"रोज पहाटेपासून ओरडते हो ती," दमयंतीबाई हसून म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरच्या आंटीने तिच्याविरुद्ध तक्रारसुद्धा केलीय."

त्या दिवशी त्याने वर्तमानपत्राची सळसळ ऐकली, लिफ्टची टिंग ऐकली, बायकोच्या बांगड्या ऐकल्या. एमआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोमधली सूचना चारही भाषांत ऐकून घेतली. रात्री त्याने मला तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "लाख मोलाचं आहे हे." मित्रांनो, मी तेव्हा नवा होतो. मला ते खरं वाटलं.

त्यानंतरचे काही महिने मी सुखात काढले. मनोहर हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत मॅनेजर होता. तिथल्या मीटिंगमध्ये तो माझ्या जोरावर मान ताठ ठेवून बसे. साहेब नुसता खाकरला तरी हा पुढे झुकायचा. कंटेनर, बंदरं, उशीर झालेली जहाजं, असल्या रुक्ष गोष्टी तो अमृतासारख्या पिऊन घ्यायचा. मग घरी येऊन बूट काढायचा, सोफ्यावर बसायचा आणि दमयंतीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन म्हणायच्या, "अहो, आज काय झालं माहितेय का?"

एका संध्याकाळी त्याला ते बटण सापडलं.

कानामागे खाजवल्यासारखं करून त्याने मला दाबून धरलं. माझं तोंड मिटलं. दमयंतीबाई बिशानच्या एका बालवाडीत शिकवत असत. त्या दिवशी एका मुलाने वर्षभरात पहिल्यांदा तोंड उघडून वर्गात एक वाक्य म्हटलं होतं. त्या ते सांगत होत्या. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मी ते सगळं ऐकलं. मनोहरला ऐकू आली ती फक्त पंख्याखालची गार शांतता. बायकोचे ओठ थांबले की तो म्हणायचा, "हं." डोळे मोठे झाले की म्हणायचा, "बरोबर." भुवया प्रश्नासारख्या वर गेल्या की म्हणायचा, "तू म्हणशील तसं." एवढ्या शिदोरीवर त्याने पुढचा सगळा संसार रेटला.

हळूहळू त्याचं कानामागे खाजवणं इतकं वाढलं की दमयंतीबाईंना काळजी वाटू लागली. त्यांनी औषधांच्या दुकानातून एक मलम आणलं. रोज रात्री त्या स्वतःच्या बोटाने ते त्याच्या कानामागे लावत आणि फुंकर घालत. तो निमूट लावून घेई. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण न झालेल्या खरजेवर मलम लावून घेणारा माणूस मी हा एकच पाहिला.

माझीही आबाळ सुरू झाली. ड्राय बॉक्स कपाटाच्या मागे पडला. त्यातल्या ओल शोषणाऱ्या दाण्यांचा रंग बदलून गेला, तरी कुणी ते पालटले नाहीत. मला खिशात नाण्यांबरोबर ठेवलं जाई, तर कधी खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमध्ये टेबलावर लक्साचा रस्सा सांडलेल्या जागी. माझ्या नळीत मळ साचला. तरीही मी काम करत राहिलो.

मग मनोहरची निवृत्ती जवळ आली. डिसेंबरात नोकरी संपणार होती. त्यानंतर पुण्याला परत जायचं हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. बाणेरच्या फ्लॅटला रंग काढून झाला होता. सोसायटीच्या कमिटीवर आपण जाणार आणि सगळ्यांना शिस्त लावणार, हे तो भेटेल त्याला सांगत असे. दमयंतीबाईंना त्याने विचारलं नव्हतं. नवऱ्याची बदली झाली की सामान जसं हलतं, तशा त्या हलणार, एवढं तो धरून चालला होता.

त्याआधी ऑक्टोबरात दोघांनी चार दिवस स्पेनमधल्या टोलेडोला जायचं ठरलं. ठरवलं अर्थात त्यानेच. त्याने तासन्‌तास व्हिडिओ पाहिले होते आणि आता त्या शहराबद्दल बोलण्याचा अधिकार जगात फक्त आपल्याला आहे अशी त्याची समजूत झाली होती.

मित्रांनो, टोलेडो हे फार जुनं शहर आहे. एका टेकडीवर ते वसलं आहे आणि ताहो नावाची नदी त्याला तीन बाजूंनी वळसा घालून जाते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या घरांनी हात पुढे केले तर एकमेकांना टाळी देता यावी. दगडी भिंतींवर पावलांचा आवाज आपटतो, दुसऱ्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो. माझ्यासारख्याला ते शहर म्हणजे मेजवानीच होती. हवा कोरडी खडखडीत. सिंगापूरच्या दमट हवेत कोंदलेला माझा जीव तिथे पहिल्यांदा मोकळा झाला.

आणि अशा शहरात येऊन मनोहरने पहिला प्रश्न काय विचारला? "इथे दुधाचा चहा मिळेल का?"

त्यानंतर जे सुरू झालं त्याला सहल म्हणायला माझी जीभ धजत नाही. तो पुढे आणि त्या मागे. कॅथीड्रलसमोर उभं राहायचं, फोन वर धरायचा, फोटो काढायचा, पुढे चालायचं. पुलावर जायचं, फोटो काढायचा, पुढे चालायचं. एकट्या मनोहरलाच कशाला दोष देऊ? चौकातला प्रत्येक प्रवासी तेच करत होता. त्या दगडांनी कितीतरी शतकांचे आवाज ऐकले असतील, आणि आता त्यांना ऐकू येत होतं ते फक्त "जरा डावीकडे सरक" एवढंच. तलवारींच्या दुकानात मनोहरने तर कहर केला. एक नक्षीदार मुठीची तलवार हातात घेऊन त्याने दमयंतीबाईंना पोलादाचा इतिहास ऐकवला. त्यातलं निम्मं त्याने तिथल्या तिथे रचलेलं होतं. विक्रेता बिचारा हसून मान हलवत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, हे मनोहरचं नशीब.

"अहो, जरा बसू या ना कुठेतरी," दमयंतीबाई म्हणाल्या.

"बसायला घरी काय कमी खुर्च्या आहेत?" मनोहर म्हणाला. "अजून नदीपलीकडचा व्ह्यू पॉइंट राहिलाय."

तर दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघं नदीपलीकडच्या त्या उंच कठड्यापाशी पोचले. समोर सगळं शहर उन्हात मधासारखं दिसत होतं. खाली नदी होती. मनोहरने फोटो काढले आणि नाइलाजाने कठड्यावर बसला, कारण परतीची बस यायला वेळ होता. दमयंतीबाई त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"अहो, मला तुमच्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय," त्या म्हणाल्या.

मनोहरचा हात कानामागे गेला. त्याने खाजवलं. माझं तोंड मिटलं.

मित्रांनो, त्यापुढे दमयंतीबाई जे बोलल्या ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "मी पुण्याला येणार नाही. रागावू नका, आधी ऐकून घ्या. तुम्ही सिंगापूरला नोकरी केलीत. मी मात्र तिथे जगले. बालवाडीने मला विचारलंय, उशिरा बोलायला लागणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग सुरू करायचाय, तो तुम्ही घ्याल का म्हणून. मला तो घ्यायचाय. आपली ऋग्वेदा तिथेच आहे, पण मी तिच्यासाठी राहत नाहीये. माझ्यासाठी राहतेय. पुण्यात मी कोण असेन? तुमच्या कमिटीच्या लोकांना चहा देणारी. तुम्हाला तिकडे जायचं तर जा. मी येत-जात राहीन. पण माझं घर आता सिंगापूरच आहे. हे सांगायला मला वर्ष लागलं हो. तुम्हाला चालेल ना?"

त्यांच्या भुवया प्रश्नासारख्या वर गेल्या होत्या.

मनोहर नदीकडे पाहत म्हणाला, "तू म्हणशील तसं."

"खरंच?"

त्याने मान डोलावली. "हं. बरोबर."

दमयंतीबाई रडू लागल्या. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. मी आतल्या आत किंचाळत होतो, पण माझ्या तोंडाला कुलूप होतं. मनोहरने बायकोचे डोळे पाहिले, आणि तो काय म्हणाला असेल, सांगा बरं?

"सुंदर आहे ना व्ह्यू?" तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

त्या संध्याकाळी दमयंतीबाई अगदी निराळ्या झाल्या. त्या गुणगुणत होत्या. मनोहरच्या आवडीचं बटाट्याचं ऑम्लेट त्यांनी स्वतः जाऊन मागवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं तलवारींचं पुराण त्यांनी दुसऱ्यांदा ऐकून घेतलं. इतकी माया आपल्यावर का ओतली जातेय याचा त्या मठ्ठ माणसाला क्षणभरही प्रश्न पडला नाही. मिळणारी प्रत्येक चांगली गोष्ट आपल्या हक्काचीच असते असं त्याला मुळापासून वाटतं.

दुपारी दोघं मोठ्या चौकात कॉफी पीत बसले होते, तेव्हा सिंगापूरहून ऋग्वेदाचा व्हिडिओ कॉल आला. मुलीचा कॉल म्हटल्यावर मनोहरने मला चालू केलं.

"ऋग्वेदा, अगं, बाबा तयार झाले!" दमयंतीबाई म्हणाल्या.

"सीरियस आह, आई?" ऋग्वेदा फोनमधून ओरडली. "कान्ट बी, लाह! बाबा, यू शुअर ऑर नॉट? आई सिंगापूरला राहणार, तुम्ही एकटे पुण्याला, आणि यू ओके विथ इट?"

मनोहरचा कप ओठांपाशीच थांबला. "कोण राहणार?"

"आई! तिचा नवीन वर्ग! काल तुम्ही हो म्हणालात ना? आय ॲम सो प्राउड ऑफ यू, बाबा. ओके, मीटिंग आहे, उद्या बोलू, बाय!"

फोन बंद झाला. कबुतरं पायाशी पाव टिपत होती. दमयंतीबाई अजून हसत होत्या, पण हळूहळू ते हसू ओठांवर नुसतं उरलं.

"मी कधी हो म्हटलं?" मनोहरने विचारलं.

"काल. नदीपलीकडे. तुम्ही म्हणालात, तू म्हणशील तसं."

मित्रांनो, तिथे त्याच्यापुढे एक सरळ वाट होती. 'मी ऐकत नव्हतो, चुकलं माझं' एवढंच म्हणायचं. शूर माणूस ते म्हणाला असता. साधा माणूसही म्हणाला असता. मनोहरने काय केलं? त्याने मला कानातून उपटलं, टेबलावर आपटलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे भिकारडं मशीन! कालपासून गडबड करतंय. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. दमट हवेने खराब झालंय!"

दमट हवा! टोलेडोत! तिथे टेबलावरचा पाव अर्ध्या तासात वाळत होता. मी इतका ठणठणीत जन्मात कधी नव्हतो. पावाच्या चुऱ्यात पडल्या पडल्या मला त्या माणसाची जी किळस आली, ती सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

दमयंतीबाईंनी मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यांचा चेहरा पडला, तरी त्यांनी मला उचललं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि माझा साचा स्वतःच्या कानाशी धरला. त्या कानाला तो बसेना, म्हणून मी थोडी शीळ घातली. मग त्यांनी मला घट्ट दाबलं आणि त्यांना सगळं ऐकू आलं. चमच्यांची किणकिण. पलीकडच्या टेबलावरची कुजबूज. कबुतराच्या पंखांची फडफड.

"चांगलं चाललंय की हे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

तेवढ्यात त्यांचं बोट माझ्या पाठीवरच्या बटणावर पडलं आणि तिथेच राहिलं. माझं तोंड मिटलं. त्या दचकल्या. त्यांनी बटण पुन्हा दाबलं. आवाज आला. पुन्हा दाबून धरलं. आवाज गेला. मग त्यांनी समोर पाहिलं. मनोहरचा हात सवयीने कानामागे गेला होता, आणि कानामागे मी नव्हतो.

दमयंतीबाई बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि रोज रात्री मलम लावत त्याच अलगद हाताने त्यांनी मला त्याच्या कानात बसवलं.

"ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, माझं म्हणणं तुम्हाला पटत नाही म्हणून तुम्ही गप्प असता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी जास्त समजावून सांगायची. पुन्हा पुन्हा सांगायची. मला वाटायचं, मलाच नीट सांगता येत नाही."

मनोहरने कप पुढे ओढला. त्यांनी पर्स उचलली आणि त्या चौकातून चालू लागल्या. गर्दी त्यांच्यामागे मिटली.

या माणसाने कॉफी संपवली हो! खरंच संपवली. येईल परत, असं म्हणून बसून राहिला. त्या आल्या नाहीत. त्याने फोन लावला, तो वाजत राहिला. हॉटेलवर जाऊन पाहिलं, खोली रिकामी होती. तेव्हा कुठे त्याच्या पायाखालची जमीन सरकली. रस्ते, दुकानं, पाट्या, कशातलंच काही त्याला कळेना. दोन दिवस ज्या शहराबद्दल तो अखंड बोलत होता त्या शहराची एक गल्ली त्याला ओळखू येत नव्हती, कारण त्याने ती फोनमधून पाहिली होती.

"दमयंती!" तो हाका मारू लागला. मी त्याच्याकडे आलो तेव्हापासून त्याच्या तोंडून मी 'अगं' सोडून दुसरी हाक ऐकली नव्हती. "दमयंती!" प्रवासी वळून पाहत होते. एक टोळकं हसलं. मलाही हसू आलं.

अशा किती गल्ल्या तो फिरला कोण जाणे. त्याचा शर्ट घामाने भिजला. आणि मग एका वळणावर मी त्याच्या बायकोचा आवाज पकडला. दमयंतीबाई कुणालातरी इंग्रजी आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये थँक यू, ग्रासियास म्हणत होत्या. मी तो आवाज मोठा केला आणि त्याच्या कानात सोडला. तो थबकला.

"कुठे आहेस?" तो ओरडला.

"इथेच आहे," उत्तर आलं.

तो उजवीकडे धावला. आवाज क्षीण झाला. तो परत फिरला. दोन गल्ल्या फुटत होत्या. आवाज दोन्हींत होता.

मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगतो. एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही. दिशा कळायला दोन कान लागतात. त्यात त्या दगडी भिंती आवाजाला चेंडूसारखं टोलवत होत्या. बायकोचा श्वासही ऐकू येत होता, आणि ती कुठे आहे याचा पत्ता नव्हता. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. शोध म्हटलं, शोध आता.

"मला कळत नाहीये आवाज कुठून येतोय!" मनोहर ओरडला. "तू इकडे ये ना."

"मी नाही येणार," दमयंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही या."

तो भिंतीला टेकला. मग तो जे बोलला ते त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"मग बोलत राहा," तो म्हणाला. "काहीही बोल. थांबू नकोस."

मग आवाज आला. शांत, बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसा.

"मी पुण्याला येणार नाही."

मनोहर एक पाऊल चालला. आवाज थोडा मोठा झाला.

"तुम्ही सिंगापूरला नोकरी केलीत. मी तिथे जगले."

आणखी दोन पावलं. मग चुकला, मागे आला. कालचं सगळं बोलणं त्या पहिल्यापासून सांगत होत्या. ज्या मुलाने वर्षभराने तोंड उघडलं त्याची गोष्टसुद्धा त्यांनी सांगितली, सोफ्यावर पंख्याखाली सांगितली होती ती. प्रत्येक वाक्य त्याला नीट ऐकावं लागत होतं, कारण आवाज मोठा होतोय की बारीक हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं. एका ठिकाणी पायऱ्या होत्या. तो चढला. एका कमानीखालून वाकून गेला. आणि समोर एका मठाच्या दारात, दगडी पायरीवर, दमयंतीबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर बदामाच्या मिठाईचा पुडा होता. तिथल्या नन ती मिठाई करून विकतात.

मनोहर खालच्या पायरीवर बसला. त्याला धाप लागली होती.

"ऐकलंत?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

मला वाटलं, आता हा रडेल, पाया पडेल, 'तू म्हणशील तसं' म्हणेल. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "मला नाही पटत. तू पुण्याला यावंस असं मला वाटतं. मला एकट्याला तिथे भीती वाटते."

दमयंतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "चला," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा तुम्ही माझ्या बोलण्याला उत्तर दिलंत."

"मग येशील?"

"नाही. कालचा तुमचा हो मी धरत नाही, तो तुमचा नव्हताच. पण मी तरी काल कुठे खरं बोलले? 'चालेल ना' म्हणून विचारत बसले. ते विचारायचं नव्हतंच. सांगायचं होतं." त्यांनी मिठाईचा पुडा त्याच्यापुढे केला. "घ्या. गोड आहे फार, अर्धीच खा."

त्याने अर्धी खाल्ली. उरलेला दीड दिवस ते दोघं फारसे कुठे गेले नाहीत. एका बाकावर बसत आणि दमयंतीबाई बोलत. मनोहर मधेमधे भांडत होता. त्यासाठी का होईना, त्याला ऐकावं लागत होतं.

यामुळे तो सुधारला असं समजू नका. डिसेंबरात नोकरी संपली आणि जानेवारीत तो फुरंगटून एकटाच पुण्याला गेला. मी त्याच्या कानामागे होतोच. कमिटीच्या पहिल्याच सभेत त्याने पार्किंगवर लांबलचक भाषण केलं आणि लोक मोबाईल बघत राहिले. संध्याकाळी रिकाम्या फ्लॅटमध्ये तो मला चालू ठेवून बसे, आणि मला पोचवायला काही नसे. नळाचं टपटपणं तेवढं होतं. रोज तो सिंगापूरला फोन करायचा आणि म्हणायचा, "आज वर्गात काय झालं?" मग दमयंतीबाई सांगायच्या. त्याचा हात कानामागे जायचा, तसाच खाली यायचा. होळीनंतर तो सिंगापूरला परत आला. दमयंतीबाईंनी दार उघडलं, आणि "आलात?" एवढंच म्हणून त्या वर्गाची तयारी करायला आत गेल्या.

आता माझं वय झालं आहे. मळाने माझी नळी चोंदली, घामाने पोटातल्या तारा गंजल्या. मिस तान म्हणाल्या, "अंकल, दिस वन कान्ट सेव्ह ऑलरेडी." मनोहरला नवं यंत्र मिळालं. मला दमयंतीबाईंनी त्यांच्या वर्गात नेलं. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी दोघांच्या कानांत यंत्रं आहेत आणि ती त्यांना लपवावीशी वाटतात. मग दमयंतीबाई मला त्यांच्या हातात देतात, उलटसुलट करून बघू देतात. त्या छोट्या चिकट बोटांचा मला राग येत नाही. माझा सगळा राग एका माणसावर खर्च झाला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला जपा. रात्री त्याला कोरड्या डबीत ठेवा, मऊ कापडाने पुसा, पाण्यापासून आणि नाण्यांनी भरलेल्या खिशापासून लांब ठेवा. त्याला बघून नजर वळवू नका. आणि तुमच्याशी कुणी बोलायला आलं तर पूर्ण ऐकून घ्या. पटलं नाही तर खुशाल 'नाही' म्हणा. 'नाही' ऐकून माणूस रडतो, भांडतो आणि पुढे जातो. न ऐकता दिलेल्या 'हो'वर मात्र तो विश्वासाने पाय ठेवतो, आणि खाली पायरीच नसते.